बरोबरीत सुटलेली लढत

तरावीहची नमाज आटोपून मशिदीसमोरच्या चहाच्या गाड्यावर मंडळी थांबली की विषयाला बंधन नसतं. क्रिकेट बोलून झालं, महागाई बोलून झाली की कुणीतरी जुना वाद उकरून काढतो. मोहम्मद अली आणि ब्रूस ली समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? एकाच्या मते अलीचा एक ठोसा पुरेसा होता. दुसऱ्याच्या मते तो ठोसा बसेपर्यंत ब्रूस ली तिथे उभा तर राहायला हवा! गंमत म्हणजे वाद घालणाऱ्यांतले बहुतेक जण या दोघांच्या उमेदीच्या काळात जन्मलेलेही नसतात.

ती लढत कधीच झाली नाही. ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी गेला. तो जेमतेम साठ-पासष्ट किलोंचा, तर अली शंभराच्या आसपास. बॉक्सिंगच्या नियमांत असे दोन गडी एका रिंगमध्ये उभेच करत नाहीत. खुद्द ब्रूस ली अलीच्या लढतींच्या फिल्म पुन्हा पुन्हा बघायचा, त्याच्या पायांच्या हालचालींचा अभ्यास करायचा. म्हणजे ज्यांना आपण प्रतिस्पर्धी म्हणून उभं करतो, त्यातला एक दुसऱ्याकडून शिकत होता. उलट दिशेनेही थोडी देवाणघेवाण झाली. वॉशिंग्टनमध्ये तायक्वांदो शिकवणारे कोरियन गुरू झून री हे ब्रूस लीचे मित्र. मनात आलं त्याच क्षणी हात सुटला पाहिजे, असा एक ठोसा ते लीकडून शिकले होते. लीच्या मृत्यूनंतर त्यांनी तो अलीला शिकवला. जून १९७६ मध्ये अली टोकियोला गेला तेव्हा झून री त्याच्या सोबत होते. चहाच्या गाड्यावरचा प्रश्न तिथे खरोखर रिंगमध्ये उतरणार होता. फक्त समोर ब्रूस लीऐवजी अंतोनिओ इनोकी नावाचा जपानी पहिलवान होता.

अली तिथवर पोहोचला कसा, हे आधी पाहायला हवं. कारण टोकियोची लढत त्याच्या ताकदीतून जितकी उभी राहिली, तितकीच त्याच्या जिभेतून.

१७ जानेवारी १९४२ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरात तो जन्मला. नाव कॅशियस मार्सेलस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्यांना पाणीही मिळू नये, असे ते दिवस. बारा वर्षांचा असताना त्याची सायकल चोरीला गेली. चोराला बदडून काढण्याच्या गोष्टी करत तो पोलिसाकडे गेला, तर तो पोलीस, जो मार्टिन, फावल्या वेळात मुलांना बॉक्सिंग शिकवणारा निघाला. बदडायचं तर आधी शिकून घे, असा त्याचा साधा सल्ला होता. सहा वर्षांनी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्या मुलाने सुवर्णपदक जिंकलं. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीचला त्याने सॉनी लिस्टनला हरवलं आणि बावीसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला. लढतीआधी जवळजवळ सगळे जाणकार लिस्टनच्या बाजूने होते.

त्यानंतर त्याने नाव बदललं, मोहम्मद अली झाला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण आपल्याकडे ती सहसा सांगितली जात नाही. तो ज्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ संघटनेत गेला, तिची शिकवण जगभरचे मुसलमान मानतात त्या इस्लामपेक्षा बरीच वेगळी होती. ती गोऱ्या माणसाला मुळातच सैतान ठरवणारी होती. अपमानात वाढलेल्या काळ्या तरुणाला ती जवळची वाटली, यात नवल नाही. पण तिच्यापायी अलीने आपला मित्र माल्कम एक्स याच्याकडे पाठ फिरवली. माल्कम १९६४ मध्ये हजला गेला, तिथे सगळ्या रंगांची माणसं एका रांगेत पाहून आला आणि त्याचे विचार पालटले. अली तेव्हा त्याच्याशी बोलला नाही. पुढच्याच वर्षी माल्कमचा खून झाला. १९७२ मध्ये अली स्वतः हजला गेला. १९७५ मध्ये संघटनेचे प्रमुख एलिजा मोहम्मद वारले आणि त्यांच्या मुलाने अनुयायांना मुख्य प्रवाहातल्या सुन्नी इस्लामकडे वळवलं. त्यांच्यासोबत अलीही आला. माल्कमशी आपण जे वागलो त्याची खंत त्याने उतारवयात बोलून दाखवली. माफी मागायला तेव्हा माल्कम नव्हता.

व्हिएतनामचं प्रकरण बहुतेकांना माहीत असतं. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या सैन्यभरती केंद्रात नाव पुकारल्यावर तो पाऊल पुढे टाकायला तयार झाला नाही. जेतेपद गेलं, परवाना गेला, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तुरुंग टळला, पण पंचविशीपासून पुढची साडेतीन वर्षं, म्हणजे बॉक्सरच्या आयुष्यातला ऐन बहर, रिंगबाहेर गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये एकमताने त्याची शिक्षा रद्द केली. गेलेली वर्षं परत देणं कुठल्याच न्यायालयाच्या हाती नव्हतं. परत आलेला अली थोडा जड झाला होता. पूर्वी जे ठोसे तो चुकवायचा, ते आता सोसायला शिकला होता. १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनचे ठोसे दोरांना टेकून सात फेऱ्या सोसले आणि आठव्या फेरीत त्याला आडवा केला. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ जो फ्रेझरशी झालेल्या चौदा फेऱ्यांनी तर दोघांचंही आयुष्य कमी केलं असं म्हणतात. याच फ्रेझरने बंदीच्या काळात अलीला मदत केली होती आणि याच फ्रेझरची अलीने चारचौघांत जी टवाळी केली, ती आजही ऐकवत नाही. मोठ्या माणसाचं हेही एक अंग होतं.

जिभेचा विषय निघालाच आहे. १९७५ मध्ये एका समारंभात अलीला जपानच्या हौशी कुस्ती संघटनेचे अध्यक्ष इचिरो हात्ता भेटले. अलीने सवयीप्रमाणे फुशारकी मारली. पूर्वेकडचा कुणी लढवय्या आपल्याशी भिडायला तयार आहे का, असेल तर त्याला दहा लाख डॉलर देऊ, असं काहीसं तो बोलून गेला. हात्तांनी ते जपानी वर्तमानपत्रांना सांगितलं आणि टोकियोत एका माणसाने ते गंभीरपणे घेतलं.

इनोकी १९४३ मध्ये योकोहामात जन्मला. लहान वयात घरच्यांबरोबर ब्राझीलला गेला, तिथल्या कॉफीच्या मळ्यांत राबला. जपानी व्यावसायिक कुस्तीचा बादशहा रिकिदोझान याने त्याला हेरलं आणि परत आणलं. व्यावसायिक कुस्ती म्हणजे ज्यात निकाल आधी ठरलेला असतो ती, नाटकी उड्यांची. पण इनोकी कार्ल गॉच या उस्तादाकडून सांधे आवळायचे, हात-पाय अडकवायचे खरे पेच शिकला होता. १९७२ मध्ये त्याने स्वतःची कुस्ती कंपनी काढली. फेब्रुवारी १९७६ मध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेल्या विलेम रुस्का या डच ज्युदोपटूला त्याने आपल्या आखाड्यात हरवलं. कुस्ती, ज्युदो, कराटे, बॉक्सिंग या सगळ्यांत खरा बलवान कोण, हे ठरवण्याचं वेड तेव्हा जपानला लागलं होतं. इनोकीच्या माणसांनी अलीपुढे साठ लाख डॉलरचा करार ठेवला. ती सगळी रक्कम अलीच्या हाती पडली नाही हा पुढचा भाग. पण त्या आकड्याला तो भुलला, हे खरं.

२६ जून १९७६, निप्पॉन बुदोकान सभागृह. तीन मिनिटांची एक, अशा पंधरा फेऱ्या. रिंगलगतचं तिकीट तीन लाख येन. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बत्तीस हजारांहून अधिक लोक मोठ्या पडद्यावर ही लढत बघायला बसले. ती खरी व्हायची होती की आधी ठरवून, यावर आजही एकमत नाही. पण रिंगमध्ये जे घडलं ते ठरवून केलं म्हणावं इतकं रंजक मुळीच नव्हतं.

आधी नियमांवर ओढाताण झाली. अलीच्या माणसांनी इनोकीच्या अनेक डावांवर बंदी आणली आणि प्रेक्षकांना याची नीट कल्पनाच दिली गेली नाही. घंटा वाजताच इनोकी धावत आला आणि घसरत जाऊन त्याने अलीच्या पायावर लाथ झाडली. मग तो उठलाच नाही. पाठीवर पडून राहायचं, अली जवळ आला की त्याच्या मांडीवर, पोटरीवर लाथ मारायची, असंच त्याने जवळजवळ शेवटपर्यंत केलं. अली भोवती फिरत राहिला, उठ म्हणून डिवचत राहिला, भित्रा म्हणून हिणवत राहिला. इनोकी पडल्या जागेवरून हलला नाही. एकदा त्याने अलीला खाली आणलंही आणि वर बसला, पण कोपर मारल्याबद्दल गुण कापला गेला. इनोकीच्या बुटांनी पाय कापला जातोय म्हणून अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने मध्येच ओरडा केला, तेव्हा त्या बुटांवर चिकटपट्टी गुंडाळण्यात आली. पंधरा फेऱ्यांत अलीने मारलेले ठोसे मोजले तर जेमतेम अर्धा डझन.

लोक चिडले, रिंगमध्ये कचरा भिरकावला, पैसे परत मागितले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी थट्टा केली. पण शांतपणे पाहिलं तर त्या पंचेचाळीस मिनिटांत चहाच्या गाड्यावरच्या वादाचं बरंचसं उत्तर होतं. जमिनीवर पडलेल्या माणसाला मारायचं बॉक्सिंगमध्ये शिकवलेलंच नसतं. उलट तो पडला की बॉक्सरने मागे सरायचं असतं. कमरेखालचा मारा तिथे नियमबाह्य, त्यामुळे मांडीवरची लाथ अडवायची कशी हे जगज्जेत्यालाही ठाऊक नव्हतं. दुसरीकडे, उभं राहून अलीच्या हाताच्या टप्प्यात जाणं म्हणजे काय, हे इनोकीला पक्कं ठाऊक होतं. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या घरात पाय ठेवायला तयार नव्हता. आपल्या तालमीत म्हणतात तशी निकाली कुस्ती व्हायची तर दोघांनी आधी एका मातीत उतरावं लागतं. इथे मातीच दोन होत्या. तीन पंचांपैकी एकाने अलीला वरचढ ठरवलं, एकाने इनोकीला. तिसरा, रिंगमधला पंच जीन लेबेल, स्वतः ज्युदोतला मुरलेला गडी. त्याने दोघांना ७१-७१ गुण दिले. लढत बरोबरीत सुटली.

पंचांच्या कागदावर बरोबरी झाली, अलीच्या पायांवर नाही. पाय सुजून काळेनिळे झाले होते. डॉक्टर नको म्हणत असताना तो ठरल्याप्रमाणे सोलला प्रदर्शनी लढतीसाठी गेला. अमेरिकेत परतल्यावर पायांतल्या रक्ताच्या गुठळ्यांसाठी त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं. तीन महिन्यांत तो केन नॉर्टनशी लढायला उभा राहिला आणि निसटता जिंकला. त्यानंतर १९८१ पर्यंत तो आणखी सहा लढती लढला. टोकियोनंतर मात्र एकाही प्रतिस्पर्ध्याला तो बाद करू शकला नाही. याला त्या लाथा कारण की वय, कोण सांगणार? पण ज्याचं सारं बॉक्सिंग पायांवर उभं होतं, त्याने पायच पणाला लावले आणि तेही एका फुशारकीपायी.

इनोकीची गोष्ट पुढे आपल्या ओळखीच्या वाटेने गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराचीत त्याची गाठ अक्रम पहिलवानाशी पडली. अक्रम हा इमामबक्षचा मुलगा, गामा पहिलवानाचा पुतण्या. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं तेव्हा उद्घाटनाच्या कुस्तीत उतरलेला तोच हा इमामबक्ष. त्याच्या मुलाचा हात इनोकीने पेचात असा धरला की कुस्ती थांबवावी लागली. घराण्याला हा पराभव झोंबला. १९७९ मध्ये लाहोरला त्याच घराण्यातला विशीही न उलटलेला झारा इनोकीसमोर उतरला. पाच फेऱ्यांनंतरही निकाल लागला नाही, तेव्हा इनोकीने स्वतःच झाराचा हात धरून वर केला. लाहोरच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

अली आणि इनोकी यांची दोस्ती टोकियोनंतर जमली. अलीवरच्या चित्रपटातली धून त्याने इनोकीला दिली आणि इनोकी पुढे आयुष्यभर तिच्या तालावर रिंगमध्ये उतरला. पण दोघांच्या वाटा पुन्हा जिथे जवळ आल्या, ती जागा कुणाच्या कल्पनेत आली नसती. १९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत बळकावलं आणि इराकमधल्या शेकडो परदेशी नागरिकांना अडकवून ठेवलं. अलीला १९८४ मध्येच पार्किन्सनचं निदान झालं होतं. बोलणं पुसट झालं होतं, हात थरथरायचे. अमेरिकी सरकारला त्याचं जाणं पसंत नव्हतं, वर्तमानपत्रांनीही नाकं मुरडली. तरी नोव्हेंबरात तो बगदादला गेला. सद्दामच्या भेटीची वाट बघण्यात दिवस जात होते आणि जवळची औषधं संपली. उठणं-बोलणं अवघड झालं तरी तो परतला नाही. बगदादमधल्या एका रुग्णालयातून औषधांची सोय झाली. भेट झाली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तो पंधरा अमेरिकनांना सोबत घेऊन मायदेशी आला. ज्या जिभेने कधीकाळी सगळ्या जगाला आव्हान दिलं होतं, ती जवळजवळ गप्प असताना त्याने हे काम केलं.

तेव्हा जपानच्या संसदेत खासदार असलेला इनोकी त्याच हिवाळ्यात बगदादमध्ये होता. त्याच्याही देशाचे लोक अडकले होते आणि त्याच्याही सरकारला त्याचा खटाटोप नको होता. त्याने तिथे कुस्त्या, संगीत असा शांतीचा मेळाच भरवला. अडकलेल्यांच्या घरच्यांना सोबत नेलं आणि जपानी नागरिक सुटले. त्याच वर्षी करबलाला गेलो असताना आपण इस्लाम स्वीकारला, मोहम्मद हुसेन हे नाव घेतलं, असं त्याने पुढे सांगितलं. बौद्ध परंपराही आपण सोडलेली नाही, हेही तो सांगत असे. १९९५ मध्ये त्याने उत्तर कोरियाच्या प्योंगयांगला कुस्त्या भरवल्या तेव्हा अली पाहुणा म्हणून शेजारी होता. एप्रिल १९९८ मध्ये टोकियो डोममध्ये इनोकीने निवृत्ती घेतली, तेव्हाही थरथरत्या हातांचा अली तिथे हजर होता. २००२ असो की २०२२, इनोकीचं नाव निघालं की लोकांना आधी अली आठवे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इनोकी गेला. मनिलाच्या लढतीचीही तारीख तीच.

अली त्याच्या आधी, ३ जून २०१६ रोजी ॲरिझोनात वारला. आपला दफनविधी कसा व्हावा, हे त्याने आधीच बारकाईने ठरवून ठेवलं होतं. ९ जूनला लुईव्हिलच्या फ्रीडम हॉलमध्ये जनाजाची नमाज झाली. हेच ते सभागृह, जिथे २९ ऑक्टोबर १९६० रोजी अठरा वर्षांच्या कॅशियस क्लेने पहिली व्यावसायिक लढत दिली होती. समोर होता वेस्ट व्हर्जिनियातल्या एका छोट्या गावाचा पोलीसप्रमुख, टनी हनसेकर. सहा फेऱ्यांत पोराने त्याला गुणांवर हरवलं होतं.

त्या दिवशी तिथे रमजानचा चौथा रोजा होता. कुठल्या कुठल्या देशांतून आलेले हजारो लोक जमले होते. काळे, गोरे, अरब, आशियाई. मुसलमान नसलेलेही कितीतरी होते. जनाजाच्या नमाजेत रुकू नसतो, सजदाही नसतो. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभ्यानेच अदा करतात. इमामांनी चार तकबिरी म्हटल्या, सलाम फिरवला आणि नमाज संपली. दुसऱ्या दिवशी शववाहिका शहरातून फिरली. जिथे तो वाढला त्या घरावरून गेली. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी असलेली माणसं गाडीवर फुलं टाकत होती.